इंग्रजी क्रियापदाचे रूप आणि अर्थ : बारा काळांच्या तक्त्याची फेरतपासणी

१. प्रास्ताविक

मराठी माध्यमातून इंग्रजी शिकलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजीत काळ किती, असे विचारले असता 'बारा' हे उत्तर तत्काळ मिळते. वर्तमान, भूत आणि भविष्य हे तीन काळ उभे मांडावयाचे, साधा, अपूर्ण, पूर्ण आणि पूर्ण-अपूर्ण हे चार प्रकार आडवे मांडावयाचे, की बारा घरांचा तक्ता तयार होतो. हा तक्ता शाळेत पाठ केला जातो आणि पुढे पदव्युत्तर वर्गापर्यंत तो तसाच सोबत येतो. तथापि, तक्ता मुखोद्गत असूनही इंग्रजी कादंबरीतील साधा उतारा मराठीत आणताना हाच विद्यार्थी 'वुड', 'हॅड', 'वेअर' या लहानशा शब्दांपाशी अडखळतो. 'ही वुड कम एव्हरी डे' या वाक्याचा अनुवाद तो 'तो रोज येणार होता' असा करतो. 'तो रोज येई' हे सहज मराठी रूप त्याला सुचत नाही. 'इफ आय वेअर' या रचनेतील 'वेअर' अनेकवचनी का, याचा उलगडा तर त्याला कधीच झालेला नसतो.

ही अडचण केवळ इंग्रजीच्या अध्यापनाची आहे, असे समजून मराठीच्या अभ्यासकाने तिच्याकडे दुर्लक्ष करणे योग्य होणार नाही. अनुवाद, तौलनिक साहित्याभ्यास आणि कथनमीमांसा या तिन्ही क्षेत्रांत त्याला इंग्रजी क्रियापदाशी रोज सामना करावा लागतो. कथनातील काळाचा विचार क्रियापदाच्या रूपांवर उभा असतो; रूपांचा अर्थ चुकला तर त्यावर रचलेली समीक्षाही डळमळीत होते.

या अडचणीचे मूळ विद्यार्थ्याच्या आळसात नसून तक्त्याच्या रचनेत आहे, हे प्रस्तुत लेखातील प्रतिपादन आहे. या तक्त्यात रूपाचे नाव आणि अर्थाचे नाव यांची गल्लत झालेली आहे. ही गल्लत टाळण्याचे साधन मात्र भारतीय व्याकरणपरंपरेत आणि विशेषतः मराठी व्याकरणातील आख्यातविचारात आधीपासून उपलब्ध आहे. त्या साधनाच्या आधारे इंग्रजी क्रियापदाची रूपव्यवस्था पुन्हा मांडून पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

२. रूपाचे नाव आणि अर्थाचे नाव

पाणिनीने क्रियापदांच्या रूपांना लट्, लिट्, लुट्, लृट्, लेट्, लोट्, लङ्, लिङ्, लुङ् आणि लृङ् अशी दहा नावे दिली. ही नावे पूर्णतः तांत्रिक आहेत. 'लट्' या नावात वर्तमानकाळाचा उल्लेख नाही. आधी रूप निश्चित करावयाचे आणि नंतर ते कोणकोणत्या अर्थी योजले जाते हे स्वतंत्रपणे सांगावयाचे, अशी ही पद्धती आहे. तिचा लाभ असा, की 'गच्छति स्म' या रचनेत लट् भूतकाळ दाखवतो असे म्हणताना कोणताही विरोधाभास निर्माण होत नाही. रूप लट्च राहते. अर्थ मात्र बदलतो. दहा लकारांत काळ आणि अर्थ हे दोन्ही एकाच मालिकेत गुंफलेले आहेत, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. लोट् आज्ञार्थाकडे झुकतो, लिङ् विध्यर्थाकडे, तर लेट् केवळ वेदभाषेत आढळतो.

मराठी व्याकरणात हाच विवेक आख्यातांच्या नावांत दिसतो. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, तर मोरो केशव दामले यांचे शास्त्रीय मराठी व्याकरण १९११ साली. या पाऊणशे वर्षांच्या काळात मराठी वैयाकरणांपुढे संस्कृत आणि इंग्रजी अशा दोन चौकटी होत्या. काळ आणि अर्थ यांची नावे घेत असतानाच त्यांच्या परंपरेत प्रत्ययावरून ठरलेली ताख्यात, लाख्यात, ईलाख्यात, ईआख्यात, ऊआख्यात, वाख्यात, चाख्यात ही नावे रुजली. 'गेला' हे लाख्यात, 'येईल' हे ईलाख्यात, 'येई' हे ईआख्यात, 'करावे' हे वाख्यात.

या नामकरणाचे महत्त्व प्रत्यक्ष उदाहरणांत स्पष्ट होते. 'तो काल आला' यात लाख्यात भूतकाळ दाखवते. परंतु हाक आल्यावर 'आलोच!' असे उत्तर देणारा माणूस अजून जागचा हललेलाही नसतो. 'उद्या पाऊस आला, तर सामना होणार नाही' या वाक्यातील 'आला' तर स्पष्टपणे भविष्याविषयी बोलतो. लाख्याताला 'भूतकाळ' हे एकच नाव दिले, तर ही दोन्ही वाक्ये अपवाद ठरतात. त्याला 'लाख्यात' म्हटले, तर ती त्याच रूपाची वेगवेगळी कार्ये ठरतात. त्याचप्रमाणे 'तो आता घरी असेल' यातील ईलाख्यात भविष्य न सांगता अनुमान सांगते. इंग्रजी क्रियापदाच्या बाबतीत नेमका हाच विवेक तक्त्यातून हरवला आहे.

३. तक्ता कोठून आला ?

लॅटिन क्रियापद प्रत्ययांनी समृद्ध आहे. पुरुष, वचन, काळ आणि अर्थ यांनुसार त्याची रूपे बदलतात आणि भविष्यकाळासाठीही तेथे स्वतंत्र प्रत्यय आहेत. इंग्रजीचे पहिले व्याकरण विल्यम बुलोकर याने १५८६ साली लिहिले, ते लॅटिन व्याकरणाच्या साच्यावरच. पुढील दोन शतके बहुतेक व्याकरणकारांनी लॅटिनच्या घरांत इंग्रजी रूपे भरण्याचा उद्योग केला. जेथे इंग्रजीत प्रत्यय नव्हता, तेथे 'शॅल', 'विल', 'हॅव', 'मे' अशा शब्दांची जुळणी करून घर भरण्यात आले.

याला विरोध झाला नाही असे नाही. जॉन वॉलिस याने १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात इंग्रजी क्रियापदाला वस्तुतः दोनच काळ आहेत, असे नोंदवून ठेवले होते. परंतु शालेय व्यवहारात प्रभाव पडला तो लिंडले मरे याच्या १७९५ सालच्या व्याकरणाचा. मरेने सहा काळ आणि पाच अर्थ मानले. त्यात 'मे' आणि 'कॅन' यांनी होणाऱ्या रचनांसाठी शक्यार्थ नावाचा एक स्वतंत्र अर्थही होता. विसाव्या शतकात ऑटो येस्पर्सन याने इंग्रजीत स्वतंत्र भविष्यकाळ नाही, असे आग्रहाने मांडले. रँडॉल्फ क्वर्क व त्यांचे सहकारी यांच्या १९८५ सालच्या आणि हडलस्टन व पुलम यांच्या २००२ सालच्या बृहद्व्याकरणांतही प्रत्ययाने सिद्ध होणारे भविष्यरूप इंग्रजीत मानलेले नाही. शाळेतील तक्ता मात्र या चर्चेपासून अलिप्त राहिला.

४. इंग्रजी धातूची मोजकी रूपे

प्रत्ययांच्या दृष्टीने पाहिल्यास इंग्रजी क्रियापद अत्यंत मितव्ययी आहे. कोणत्याही धातूची अधिकात अधिक पाच रूपे होतात. त्याला अपवाद केवळ 'बी' या धातूचा. 'राइट' या धातूची पाच रूपे अशी : मूळरूप 'राइट', एस-रूप 'राइट्स', एड-रूप 'रोट', एन-रूप 'रिटन' आणि इंग-रूप 'रायटिंग'. येथे 'एड-रूप' आणि 'एन-रूप' ही नावे मराठीतील 'लाख्यात' या नावासारखी केवळ रूपाची खूण म्हणून योजली आहेत. 'रोट' मध्ये 'एड' हा प्रत्यय कानाला ऐकू येत नसला, तरी 'वॉक्ड' या रूपाच्या जागी तेच रूप येते, म्हणून त्याचे नाव एकच. 'वॉक' सारख्या बहुसंख्य धातूंत एड-रूप आणि एन-रूप सारखेच असल्याने चारच रूपे उरतात, तर 'कट' आणि 'पुट' यांना तीनच रूपे आहेत. 'बी' हा धातू मात्र बी, ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बीइंग आणि बीन अशी आठ रूपे धारण करतो. या आठ रूपांत तीन प्राचीन धातू एकत्र आले आहेत. 'इज' चे नाते संस्कृत 'अस्' शी, 'बी' चे 'भू' शी आणि 'वॉज' चे 'वस्' शी आहे. मराठीतील असणे आणि होणे यांच्या रूपांची सरमिसळ पाहणाऱ्या अभ्यासकाला ही घटना अपरिचित वाटणार नाही.

एड-रूप साधण्याचे दोन मार्ग इंग्रजीत पूर्वापार आहेत. स्वर बदलून रूप करणारे धातू सबळ, तर प्रत्यय लावून रूप करणारे दुर्बळ, अशी परिभाषा याकोब ग्रिम याने रूढ केली. 'सिंग, सँग, संग' हा सबळ प्रकार होय. प्राचीन इंग्रजीत सबळ धातूंचे सात वर्ग होते. पुढे 'हेल्प' सारखे अनेक सबळ धातू दुर्बळ झाले. काही थोड्या धातूंचा प्रवास उलटही झाला. 'वेअर' म्हणजे अंगावर घालणे, हा मूळचा दुर्बळ धातू, परंतु त्याचे एड-रूप आज 'वोअर' असे आहे. 'गो' चे 'वेंट' हे रूप तर 'वेंड' या दुसऱ्याच धातूकडून उसने घेतलेले आहे. नव्याने येणारा प्रत्येक धातू मात्र 'एड' प्रत्ययच स्वीकारतो. म्हणजे सबळ धातूंची यादी पाठ करावी लागते ती इतिहासामुळे; चालू व्यवस्थेचा नियम एकच आहे.

पुरुष आणि वचन यांची खूण आज फक्त एस-रूपात उरली आहे. तृतीयपुरुषी एकवचनाचा 'एथ' हा दक्षिणेकडील जुना प्रत्यय मागे पडून उत्तरेकडील बोलींतला 'एस' प्रमाण झाला. १६११ सालच्या बायबलच्या अनुवादात 'एथ' टिकून आहे, तर त्याच काळातील शेक्सपिअरच्या नाटकांत दोन्ही प्रत्यय आढळतात. 'दाऊ' हे एकवचनी मध्यमपुरुषी सर्वनाम मागे पडले, तसा त्याच्या जोडीचा 'एस्ट' हा प्रत्ययही गेला. लिंगाची खूण तर इंग्रजी क्रियापदावर कधीच नव्हती. 'ती गेली', 'ते गेले', 'त्या गेल्या' या तिन्ही ठिकाणी इंग्रजीत केवळ 'वेंट' येते. अनुवादकाला मराठीत द्यावी लागणारी ही माहिती इंग्रजी क्रियापदात नसतेच. ती संदर्भातून मिळवावी लागते.

५. सहायक क्रियापदांची साखळी

प्रत्ययांची ही उणीव इंग्रजीने सहायक क्रियापदांच्या क्रमाने भरून काढली आहे. नोम चॉम्स्की याने १९५७ साली 'सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स' या ग्रंथात या क्रमाचे एक छोटे सूत्र दिले आणि तेव्हापासून ते अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. सूत्राचा आशय असा : मुख्य धातूपूर्वी चार जागा आहेत. पहिली वृत्तिदर्शक सहायकाची, दुसरी 'हॅव' ची, तिसरी 'बी' ची आणि चौथी कर्मणी रचनेतील 'बी' ची. कोणतीही जागा रिकामी राहू शकते. पण क्रम कधीही बदलत नाही. प्रत्येक सहायक आपल्या लगतच्या शब्दाचे रूप ठरवतो. वृत्तिदर्शकानंतर मूळरूप येते, 'हॅव' नंतर एन-रूप, तिसऱ्या जागेवरील 'बी' नंतर इंग-रूप आणि कर्मणीच्या 'बी' नंतर पुन्हा एन-रूप. काळाची खूण नेहमी साखळीतील पहिल्या शब्दावर आणि केवळ एकदाच येते.

'शी मस्ट हॅव बीन रायटिंग' हे वाक्य घेतले, तर 'मस्ट' मुळे 'हॅव' मूळरूपात, 'हॅव' मुळे 'बीन' एन-रूपात आणि 'बीन' मुळे 'रायटिंग' इंग-रूपात आले आहे. मराठीत याचे रूपांतर 'ती लिहीत असली पाहिजे' असे होईल. येथे क्रम आरशातील प्रतिमेसारखा उलटा झालेला दिसतो. इंग्रजीत वृत्ती आरंभी, मराठीत शेवटी. इंग्रजीत मुख्य धातू शेवटी, मराठीत आरंभी.

दुसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे. मराठीत खूण अनेक ठिकाणी पसरते. 'ती गेली होती' यात 'गेली' आणि 'होती' दोन्ही विकार पावतात. इंग्रजीत काळाची खूण एकाच ठिकाणी राहते. 'डिड नॉट वेंट' ही वर्गात वारंवार आढळणारी चूक या भेदातून उद्भवते. 'तो गेला नाही' या मराठी वाक्यात नकार आला तरी लाख्यात मुख्य धातूवरच टिकते. इंग्रजीत मात्र नकारासाठी 'डू' हे सहायक आणावे लागते आणि काळाची खूण त्याच्याकडे जाते. मुख्य धातू मूळरूपाला परततो. चुकीचे हे कारण सांगितले, तर ती केवळ लाल शाईने दुरुस्त करण्यापेक्षा अधिक टिकाऊ सुधारणा होते.

आता बारा काळांचे गणित उलगडता येते. एस-रूप व मूळरूप यांचा वर्तमान, एड-रूपाचा भूत आणि 'विल' ची रचना, असे तीन पर्याय. 'हॅव' आहे किंवा नाही, असे दोन. तिसऱ्या जागेवरील 'बी' आहे किंवा नाही, असे आणखी दोन. तीन गुणिले दोन गुणिले दोन म्हणजे बारा. तक्त्यातील बारा घरे ही बारा स्वतंत्र वस्तू नसून तीन निवडींचा गुणाकार आहे. आणि येथेच प्रश्न उभा राहतो : 'विल' ला तक्त्यात स्थान, मग 'कॅन', 'मे' आणि 'मस्ट' यांना का नाही ? रूपदृष्ट्या ही सारी एकाच जागेवर येणारी, एकाच वर्गातील सहायके आहेत. 'दॅट विल बी द पोस्टमन' या वाक्यातील 'विल' भविष्य सांगत नाही, अनुमान सांगते. मराठीत 'तो पोस्टमन असेल'. उलट 'द ट्रेन लीव्ज ॲट सेव्हन टुमॉरो' यात 'विल' नसूनही भविष्य आहे. मराठीतही 'गाडी उद्या सातला सुटते' असेच आपण म्हणतो. तात्पर्य, भविष्य ही अर्थाची बाब आहे आणि ती व्यक्त करण्याचे मार्ग दोन्ही भाषांत अनेक आहेत. त्यांपैकी एकाला उचलून 'भविष्यकाळ' म्हणणे ही लॅटिन घराची सावली होय.

वृत्तिदर्शक सहायकांना तृतीयपुरुषी 'एस' का लागत नाही, याचेही उत्तर इतिहासात आहे. 'कॅन', 'मे', 'शॅल' ही रूपे मुळात जुनी भूतरूपे असून वर्तमानाच्या अर्थी स्थिर झाली. म्हणून त्यांना वर्तमानाचा प्रत्यय लागला नाही. 'विल' चा उगम वेगळा असला, तरी तेही पुढे याच गटात सामील झाले. मराठीतील 'पाहिजे' हे मुळात 'पाहणे' या धातूचे जुने कर्मणी रूप असून आज ते 'हवे' या अर्थी स्थिरावले आहे. इच्छा, शक्यता आणि गरज सांगणारी क्रियापदे अशी जुन्या रूपांत गोठलेली असणे, हे दोन्ही भाषांचे साम्य आहे.

६. एड-रूपाचे कार्य : दूरत्व

एड-रूपाला 'भूतकाळ' म्हणण्याची सवय इतकी दृढ आहे, की त्याची इतर कार्ये अपवादांच्या यादीत ढकलली जातात. पुढील चार वाक्ये पाहावीत. 'ही केम येस्टरडे' : येथे एड-रूप भूतकाळ दाखवते. 'इफ ही केम टुमॉरो' : येथे काळ उद्याचा आहे, पण येणे संभाव्यतेपासून दूर आहे. 'आय विश आय न्यू' : 'मला ठाऊक असते तर!' या वाक्यात ज्ञान आत्ता नाही आणि खंतही आत्ताचीच आहे. 'आय वॉन्टेड टु आस्क यू समथिंग' : प्रश्न आत्ताच विचारावयाचा आहे, एड-रूपाने केवळ अदब राखली आहे.

या चारही ठिकाणी एड-रूपाचे समान कार्य 'दूर नेणे' हे आहे. पहिल्यात काळाने दूर, दुसऱ्या व तिसऱ्यात वास्तवापासून दूर, चौथ्यात श्रोत्याच्या निकटतेपासून दूर. मराठीलाही हे सर्वस्वी परके नाही. 'मला आपल्याला एक विचारायचे होते' असे आपण समोरच्या माणसाला त्याच क्षणी म्हणतो आणि त्यातील 'होते' भूतकाळी नाही, हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. 'कॅन-कुड', 'मे-माइट', 'शॅल-शुड', 'विल-वुड' या जोड्यांतील दुसरे रूप पहिल्याचे एड-रूपच होय. 'कुड यू हेल्प मी' यातील विनय हा याच दूरत्वाचा परिणाम आहे.

७. अर्थांची व्यवस्था : विध्यर्थ आणि संकेतार्थ

शालेय मराठी व्याकरण स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ मानते. मराठीत या अर्थांना बहुधा स्वतंत्र आख्याते लाभलेली आहेत. इंग्रजीत तसे नाही. प्राचीन इंग्रजीत संशय, इच्छा आणि अट यांसाठी क्रियापदांची वेगळी रूपमाला होती. मध्ययुगात शब्दान्तीचे अनाघात स्वर झिजले आणि त्यांच्याबरोबर ही रूपमालाही विरली. जे अवशेष राहिले त्यांपैकी दोन महत्त्वाचे आहेत.

पहिला अवशेष मूळरूपाचा. 'गॉड सेव्ह द किंग' या वाक्यात तृतीयपुरुष असूनही 'एस' नाही, कारण ते विधान नसून इच्छा आहे. मराठीत याला 'देव राजाचे रक्षण करो' असे ऊआख्यात मिळते. 'इट इज इसेन्शल दॅट ही बी प्रेझेंट' यातील 'बी' देखील याच वर्गातील असून 'त्याने उपस्थित राहणे आवश्यक आहे' किंवा 'त्याने उपस्थित राहावे' असे त्याचे मराठी रूप होईल. मागणी आणि आग्रह दाखवणाऱ्या क्रियापदांनंतरची ही रचना अमेरिकेतील इंग्रजीत विशेष प्रचलित आहे. तिला अशुद्ध समजून 'एस' लावणारा वाचक विध्यर्थाचे विधान करून टाकतो.

दुसरा अवशेष 'इफ आय वेअर' मधील 'वेअर'. हे अनेकवचन नाही. जुन्या रूपमालेतील संशयार्थी भूतरूप एकवचनातही 'वेअर' होते; ते येथे गोठून राहिले. अन्य धातूंत ही भिन्नता पुसली गेल्याने एड-रूपच ते काम करते.

संकेतार्थात मराठी आणि इंग्रजी यांचा भेद विशेष उद्बोधक आहे. 'पाऊस पडला असता, तर पीक बुडाले नसते' या वाक्यात दोन्ही उपवाक्यांना 'असता-नसते' ही एकाच प्रकारची खूण आहे. मराठी संकेतार्थ सममित आहे. इंग्रजीत 'इफ इट हॅड रेन्ड, द क्रॉप वुड नॉट हॅव फेल्ड' असे म्हणावे लागते. अटीच्या उपवाक्यात एड-रूप, फलाच्या उपवाक्यात एड-रूपातील वृत्तिदर्शक. मराठी सममितीच्या सवयीने विद्यार्थी 'इफ इट वुड हॅव रेन्ड' असे लिहितो. तेव्हा तो निष्काळजी नसतो; आपल्या भाषेशी प्रामाणिक असतो. मराठीतही येथे एक सूक्ष्म भेद आहे. 'ती घरी असते' यात रीती आहे, 'ती घरी असती तर' यात असत्य कल्पना आहे. परंतु प्रथमपुरुषी पुल्लिंगात 'मी असतो' हे रूप दोन्हीकडे सारखेच. रूपांचे असे एकत्र येणे हा एकट्या इंग्रजीचा दोष नव्हे.

८. पूर्णरूप आणि निवेदनाचा बिंदू

'हॅव' आणि एन-रूप यांची रचना आरंभी मालकीची होती. 'माझ्याजवळ ते बांधलेले आहे' अशा अर्थी एन-रूप प्राचीन इंग्रजीत कर्माशी सुसंगत होत असे. पुढे सुसंगती लोपली आणि 'बांधले आहे' हा अर्थ स्थिर झाला. मराठी लाख्यातही मुळात भूतकालवाचक धातुसाधितातूनच आले आहे. म्हणूनच 'त्याने आंबा खाल्ला', 'त्याने चिंच खाल्ली' यांत क्रियापद आजही कर्माच्या लिंगाने चालते. दोन्ही भाषांनी नवे भूतरूप धातुसाधितातून घडवले. मराठीने ती कर्माची सुसंगती जपली, इंग्रजीने ती सोडली.

अर्थाच्या दृष्टीने हान्स रायशेनबाख याने १९४७ साली मांडलेली तीन बिंदूंची कल्पना उपयुक्त ठरते. बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण आणि जेथून घटनेकडे पाहिले जाते तो क्षण. साध्या भूतात पाहण्याचा बिंदू घटनेपाशीच असतो. 'हॅव' च्या वर्तमानात तो बोलण्याच्या क्षणी असतो. 'हॅड' मध्ये घटनेनंतरच्या, पण बोलण्यापूर्वीच्या एखाद्या क्षणी असतो. 'आय हॅव रेड धिस बुक लास्ट इयर' हे वाक्य इंग्रजीला खपत नाही, कारण 'लास्ट इयर' पाहण्याचा बिंदू मागे ओढते आणि 'हॅव' तो पुढे. मराठीत मात्र 'हे पुस्तक मी गेल्या वर्षी वाचले आहे' हे निर्दोष वाक्य आहे. उलट 'जेवलास का ?' या साध्या लाख्याताला इंग्रजीत 'हॅव यू ईटन' असे पूर्णरूप लागते. तसेच 'मी दहा वर्षे येथे राहतो आहे' यातील मराठी अपूर्ण वर्तमानाला 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स' हे उत्तर आहे. नावे जुळतात म्हणून रूपे जुळतील, हा भरवसा येथे पूर्णपणे फसतो.

९. अनुवाद आणि कथन

या विवेचनाचा उपयोग एका छोट्या उदाहरणावर पाहता येईल. 'शी हॅड लिव्ह्ड इन दॅट हाउस फॉर टेन इयर्स. एव्हरी इव्हनिंग शी वुड सिट ॲट द विंडो. टुमॉरो शी वुड लीव्ह.' तीन वाक्यांत दोनदा 'वुड' आले आहे. पहिले रीती सांगते, दुसरे पात्राच्या दृष्टीने भविष्य. तक्त्यावर विसंबणारा अनुवाद दोहोंना एकच रूप देईल. मराठीची आख्याते मात्र त्यांना वेगळे करतात : 'दहा वर्षे ती त्या घरात राहत आली होती. रोज संध्याकाळी ती खिडकीशी बसे. उद्या ती निघणार होती.' येथे 'बसे' हे ईआख्यात आहे. 'बसायची' हे चाख्यातही चालले असते आणि त्याने निवेदन बोलीकडे झुकले असते. इंग्रजीत एका रूपात दडलेला हा भेद मराठीत प्रकट करावाच लागतो. अनुवादक येथे पर्यायांतून निवड करतो, म्हणजेच अर्थनिर्णय करतो.

'उद्या ती निघणार होती' या वाक्यात 'उद्या' पात्राचा आणि 'होती' निवेदकाची. जेन ऑस्टिनपासून व्हर्जिनिया वुल्फपर्यंतच्या इंग्रजी कादंबरीने पात्राच्या मनातील बोल निवेदनात मिसळण्याची जी पद्धती विकसित केली, तिचा पाया एड-रूपाच्या याच दूरत्वावर आहे. इंग्रजीत 'ही सेड दॅट ही वॉज इल' असे अप्रत्यक्ष कथनातही क्रियापद मागे सरकते. मराठीत 'आपण आजारी आहोत, असे तो म्हणाला' हीच स्वाभाविक रचना. बोलणाऱ्याचा काळ तसाच राहतो. त्यामुळे मिश्र निवेदन मराठीत आणताना काळ मागे सरकवावा की पात्राचा वर्तमान राखावा, हा निर्णय दर वाक्याला घ्यावा लागतो. सर्वत्र 'होता, होती, होते' लावल्यास पात्राचा आवाज बुजतो. सर्वत्र वर्तमान ठेवल्यास निवेदक नाहीसा होतो.

१०. समारोप

इंग्रजी क्रियापदाची व्यवस्था थोडक्यात अशी मांडता येईल : धातूची पाच रूपे, चार जागांची स्थिर साखळी आणि तिच्या पहिल्या शब्दावर एकदाच येणारी खूण. एवढी सामग्री एका पानावर मावते. तिचे अर्थ मात्र अनेक आहेत आणि त्यांचा अभ्यास संदर्भासह, वाक्यागणिक करावा लागतो. बारा काळांच्या तक्त्याने या दोन कामांची अदलाबदल केली. रूपांचा पसारा वाढवला आणि अर्थांना प्रत्येकी एक घर देऊन त्यांची चर्चा संपवली.

वर्गातील अध्यापनात तक्ता पूर्णपणे टाकून द्यावा, असे नाही. परीक्षेची परिभाषा तीच असल्याने तो ओळखीचा असणे सोयीचेच आहे. परंतु अनुवाद आणि तौलनिक अभ्यास यांच्या वर्गात त्याच्याआधी रूपांची साखळी शिकवावी आणि प्रत्येक रूपाचे मराठी पर्याय आख्यातांच्या नावांनिशी तपासावेत. 'वुड' दिसताच ईआख्यात, चाख्यात, 'णार होता' ही रचना आणि संकेतार्थ हे चारही पर्याय समोर ठेवून त्यांतून संदर्भाने निवड करण्याची सवय लागली, तर विद्यार्थ्याचे इंग्रजी सुधारेलच. शिवाय 'बसे' आणि 'बसायची' यांतील भेदाकडे त्याचे लक्ष जाईल. मराठी लेखनातून ईआख्यात मागे पडत असताना ही बाब दुय्यम मानता येणार नाही.